दारावरचा खळगा

सावंतवाडी

चि. बाळूस,


टोरांटोच्या गॅरेजमध्ये तू टेबल सॉ बसवलास, हे वाचून फार बरं वाटलं. आजोबांचा हात तुझ्यात उतरला म्हणायचा! चिरताना फळी दाबून धरणाऱ्या दोन रोलर गाइडचे फोटो पाठवून कुठला घेऊ म्हणून विचारलंस. त्याचं उत्तर आपल्या कारखान्याच्या दारावर आहे. कडीच्या खाली तो खोल खळगा आठवतो? सुट्टीत आलास की त्यात अंगठा बसवून बघायचास. तो कसा पडला, हे तेव्हा मी तुला सांगितलं नव्हतं.

मी एकोणीस-वीस वर्षांचा होतो. फणसाची फळी उभी चिरत होतो. लाकूड पुरतं वाळलेलं नव्हतं. अर्ध्यावर गेल्यावर चीर मागून मिटायला लागली. आवाज बदलला, तो मला कळला. पण मी थांबलो नाही, उलट जोर लावला. पुढच्या क्षणी फळी हातातून गेली आणि माझ्या कमरेला घासून मागच्या दारावर आदळली. तुझ्या आजोबांनी आधी मशीन बंद केलं, मग माझी दहाही बोटं एकेक करून पाहिली. त्यानंतर दोनदा दाराला पॉलिश झालं, पण तो खळगा त्यांनी भरू दिला नाही.

असं का होतं, ते नीट समजून घे. पात्याचे पुढचे दात लाकूड टेबलावर दाबतात, मागचे दात वर येताना ते उचलतात. चीर मिटली किंवा फळी जिला टेकून सरकते त्या गाइडपट्टीपासून जराशी सुटली, की मागचे दात तिला पकडतात आणि थेट आपल्या अंगावर फेकतात. दहा इंची पातं मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल, तर दातांचा वेग ताशी सुमारे १९० किलोमीटर होतो. त्यापुढे आपला हात काय करणार?

म्हणून रोलर घेताना तीन गोष्टी बघ. पहिली, चाक एकाच दिशेने फिरलं पाहिजे. बोटाने उलटं फिरवून बघ; फिरलं तर तो घेऊ नकोस. फळी मागे यायला लागली, की याच चाकाने तिला अडवायचं असतं. दुसरी, चाकं किंचित तिरकी हवीत, म्हणजे फळी पुढे सरकताना आपोआप गाइडपट्टीकडे ओढली जाते. तुझी पट्टी पात्याच्या उजवीकडे की डावीकडे, त्यावर तिरकेपणाची दिशा ठरते. ते विचारूनच घे. तिसरी, एक चाक पात्याच्या अलीकडे आणि एक पलीकडे बसवता आलं पाहिजे. पलीकडचं चाक उचलणाऱ्या दातांजवळ फळी दाबून ठेवतं.

तुझ्या दोन फोटोंपैकी ज्यात या तिन्ही गोष्टी असतील तो घे, महाग असला तरी. दाब मात्र बेताचा ठेव. फळी अडखळत गेली तर तू ढकलायला जोर लावशील, आणि जोर लावणारा हातच घसरतो.

रोलर आहे म्हणून पात्यामागची पोलादी पट्टी, रायव्हिंग नाइफ, काढू नकोस. चीर मिटू न देणं हे तिचं काम, ते रोलरला जमत नाही. अरुंद पट्ट्या चिरताना चाकं पात्याच्या आड येतात. तेव्हा रोलर उचलून ठेव आणि ढकलायला लाकडी ठोकळा वापर. लांब फळीसाठी मागे रोलरचा स्टँड लावशील तो टेबलापेक्षा केसभर खाली आणि अगदी काटकोनात ठेव. तो वाकडा असला तर फळीलाही वाकडी नेतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. पात्याच्या रेषेत कधी उभा राहू नकोस, एका बाजूला राहा. त्या दिवशी मी अर्धा हात डावीकडे होतो. ती अक्कल नव्हती, नशीब होतं. तू ते नशिबावर सोडू नकोस.

रोलर बसवलास की फोटो पाठव. मशीनचा तर पाठवच, पण फळी चिरताना तू कुठे उभा असतोस, तोही सूनबाईला काढायला सांग. आधी मी तो बघेन.

तुझा,
मामा