गांजाचं मतदान आणि आमची गल्ली

मंडळी, उभ्या आयुष्यात मराठी आणि इतिहास शिकवलेल्या बाईने गांजावर लिहावं म्हणजे जरा जास्तच! पण विषय मतदानाचा आहे, आणि ते मी अगदी जवळून पाहिलं.

गोष्ट २०२० सालची, ऑकलंडची. फेब्रुवारीत लेकाकडे गेले आणि मार्चमध्ये सीमा बंद झाल्या. अडकले! न्यूझीलंडची निवडणूक १९ सप्टेंबरला होती, ती करोनामुळे १७ ऑक्टोबरवर गेली. तिच्याबरोबर लोकांना दोन प्रश्न विचारले होते. एक इच्छामरणाचा आणि दुसरा, गांजा कायदेशीर करायचा का? तिथे पर्मनंट रेसिडेंटलाही मत असतं, त्यामुळे लेक-सून दोघंही मतदार. मी नुसती श्रोती.

कायद्याचा मसुदा असा होता: वीस वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला परवान्याच्या दुकानातून दिवसाला १४ ग्रॅमपर्यंत घेता येईल, घरी दोन झाडं लावता येतील, जाहिरात मात्र बंद.

आमच्या कोपऱ्यावर एका गुजराती भाईंची 'डेअरी' होती. (तिकडे डेअरीत दुधापासून सिगारेटपर्यंत सगळं मिळतं.) कर वाढवून वाढवून सिगारेट इतकी महाग केलीय की चोर गल्ल्याआधी सिगारेटी उचलतात. भाई म्हणाले, "मासी, माझं दुकान दोनदा फोडलं. आता शेजारी गांजाचं दुकान आलं तर?" समोरच्या सामोअन बाई तीन नातवंडं सांभाळायच्या. त्यांचं एकच म्हणणं, घरात दारूने काय होतं ते पाहिलंय, आणखी एक नको. पलीकडचे गोरे आजोबा पाठदुखीने वाकलेले. औषधी गांजा डॉक्टरांकडून मिळायचा, पण तो परवडत नाही म्हणायचे. त्यांचं मत पक्कं 'हो'.

आणि मागच्या घरात माओरी बस ड्रायव्हर. एरवी अबोल माणूस, पण त्या दिवशी कुंपणापाशी बराच वेळ बोलले. भाचा अठराव्या वर्षी खिशात थोडासा गांजा घेऊन सापडला. त्याच्याबरोबरचा गोरा मुलगा समज देऊन सुटला, हा कोर्टात गेला. पुढे नोकरीचा प्रत्येक अर्ज त्या नोंदीपाशी अडायचा. "मी ओढत नाही. त्याने ओढावं असंही मला वाटत नाही," ते म्हणाले. "पण त्याला शिक्षा किती वर्षं?"

मला आमच्या गावचा मठ आठवला. तिथे गोसावी उघड चिलीम ओढायचे आणि लोक पायाही पडायचे. १९८५ चा कायदा आला तरी त्यात भांगेची पानं वगळलेलीच. पण माझ्या वर्गातला एक मुलगा पुढे कॉलेजात पुडीसकट पकडला गेला, त्याच्या आईला गावात तोंड दाखवायची चोरी झाली. चिलीम तीच हो!

मला मत असतं तर काय केलं असतं? दुकान नको, पण पोराच्या कपाळी शिक्काही नको. त्या कागदावर असा चौकोनच नव्हता. 'हो' म्हणजे दुकानासकट हो, आणि 'नाही' म्हणजे कोर्टासकट नाही. सामोअन बाई आणि बसवाले, दोघंही आपापल्या पोरांसाठीच बोलत होते, आणि कागदाने त्यांना समोरासमोर उभं केलं. आमच्या घरी लेक 'नाही', सून 'हो'. रात्री जेवताना भांड्याला भांडं लागलंच. असो.

गंमत म्हणजे इच्छामरणावर माझ्यासमोर कुणी चकार शब्द काढला नाही. विषय निघाला की सूनबाई चहा टाकायला उठायची! गोऱ्या आजोबांनी मात्र थेट विचारलं, तुमच्याकडे चालतं का असं? आम्ही दोन म्हातारी माणसं त्यावर तासभर बोललो, मोडक्यातोडक्या इंग्रजीत. काय बोललो ते लिहीत नाही.

निकाल नोव्हेंबरात पक्का झाला. गांजाला ५०.७ टक्के 'नाही', ४८.४ टक्के 'हो'. इच्छामरणाला मात्र ६५.१ टक्के 'हो'. पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी आपण गांजाला 'हो' म्हटलं होतं हे मतदान संपल्यावर सांगितलं. आधी का नाही, यावर भाई आणि सूनबाई डेअरीच्या दारातच अर्धा तास भांडले.

बसवाले दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे पहाटे कामाला गेले. मी खिडकीतून हात केला, त्यांनीही केला. भाच्याचा अर्ज तेव्हा एका गोदामात गेला होता, उत्तर यायचं होतं.