तुंबाडचा विनायकराव

आमच्या घरी अद्याप एकाच चुलीवर अकरा माणसांचा स्वयंपाक होतो. त्यामुळे सणावारी कोणते पोर काय वाचते व काय पाहते, हे आम्हांस न विचारताही कळते. गेल्या दिवाळीत थोरल्या बंधूंचा नातू पुण्याहून गडहिंग्लजला आला तो जपानी चित्रकथांचा एक भाराच घेऊन आला. या चित्रकथांस 'मांगा' म्हणतात आणि त्या उजवीकडून डावीकडे वाचावयाच्या असतात. त्यातील 'डेथ नोट' नामक कथेचे बाराही भाग त्याने आमच्यापुढे ठेवले. ही कथा जपानात २००३ ते २००६ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. तिचा नायक एक हुशार विद्यार्थी असून, ज्याचे नाव लिहावे तो मरतो अशी एक वही त्याच्या हाती लागते. आरंभी तो गुन्हेगारांची नावे लिहितो. पुढे जो जो आड येईल त्याची लिहितो.

"आजोबा, खलपुरुषच नायक! आपल्याकडे असे काही आहे का?" त्याने विचारले. पण उत्तराची वाट न पाहता त्यानेच सांगितले, "आहे. 'तुंबाड'. तुम्ही पाहिलाच पाहिजे."

राही अनिल बर्वे यांचा हा हिंदी चित्रपट १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रथम लागला, तेव्हा त्याच्याकडे फारसे कोणी वळले नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा लागला आणि पहिल्याहून अधिक चालला. आमच्या घरची तरुण मंडळी तेव्हा मुद्दाम कोल्हापुरास जाऊन तो पाहून आली होती. आम्ही तो लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी घरीच, दूरदर्शनसंचावर, सर्व मंडळींसह पाहिला. लक्ष्मीपूजन नुकतेच झालेले असता असले चित्र पाहावे की नाही, यावर स्वयंपाकघरात थोडी चर्चा झाली. ती येथे देत नाही.

ज्यांनी चित्रपट पाहिला नसेल त्यांच्याकरिता कथा थोडक्यात सांगतो. १९१८, १९३३ व १९४७ अशी तिची तीन प्रकरणे आहेत. कोकणातील तुंबाड गावी अखंड पाऊस पडत असतो. तेथील वाड्यात खजिना असल्याची बोलवा आहे, आणि साखळीने बांधून ठेवलेली एक शापित म्हातारी आहे. विनायक नावाचा मुलगा आईबरोबर गाव सोडून पुण्यास जातो, पण खजिना त्याच्या मनातून जात नाही. मोठेपणी तो परत येतो, म्हातारीकडून रहस्य काढून घेतो, आणि हस्तर नामक लोभी देवाच्या लंगोटातून मोहरा चोरू लागतो. हस्तर भुकेला आहे. म्हणून त्याच्यापुढे कणकेची बाहुली टाकावयाची, आणि तो ती खात असता मोहरा ओढावयाच्या. पुढे विनायकराव हाच धंदा आपल्या लंगड्या मुलास शिकवितात.

गुण असेल तेथे गुण म्हणावे. पाऊस, ओल धरलेल्या भिंती, कंदिलाचा तांबूस उजेड हे इतके खरे उतरले आहे की, हिरण्यकेशीला पूर आला म्हणजे आमच्या वाड्याच्या मागील भागात जो वास सुटतो तो आम्हांस बैठकीच्या खोलीत आला. भयकथाकार नारायण धारप यांच्या 'आजी' या कथेतून पहिल्या प्रकरणाची प्रेरणा घेतली असून नाव श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या १९८७ च्या कादंबरीवरून उचलले आहे. मात्र नावापलीकडे पेंडशांचे काही घेतले नाही याची हळहळ वाटते. त्या कादंबरीत खोतांच्या पिढ्यान् पिढ्या वर चढतात आणि खाली येतात, आणि त्यासाठी गर्भगृहातल्या कोणा राक्षसाची गरज लागत नाही.

सूनबाईंनी मध्येच विचारले, "हस्तर कोणत्या पुराणात आहे?" कोणत्याही नाही. तो चित्रपटकर्त्यांनी कल्पिलेला देव आहे. कल्पनेस आमची हरकत नाही. पण निवेदन अशा थाटाचे आहे की, पुराणे न वाचलेल्या पिढीस ते पुराणच वाटावे. आमच्या घरी तसे वाटलेही.

आता नायकाविषयी. दहाव्या शतकातील धनंजयाने 'दशरूपका'त प्रतिनायकाचे लक्षण सांगितले आहे. तो लोभी, उद्धत, हट्टी, पापकर्मी आणि व्यसनी असतो. विनायकरावांस यातील एकेक विशेषण मोजून लागू पडते. म्हणजे प्रतिनायकास उचलून नायकाच्या पाटावर बसविले आहे. यातही गैर काही नाही. भासाच्या 'ऊरुभंगा'त दुर्योधन हाच मध्यवर्ती पुरुष आहे. मांड्या मोडून पडलेल्या त्या राजाकडे त्याचा लहानगा मुलगा दुर्जय येतो आणि सवयीप्रमाणे मांडीवर बसू पाहतो. तेव्हा दुर्योधनाला ते नाकारावे लागते. वर्गात हा प्रवेश शिकविताना आमचा आवाज दरवर्षी त्याच ठिकाणी बिघडत असे. दुष्ट मनुष्यास नायक करावयाचे तर त्याच्याजवळ गमावण्यासारखे काही असावे लागते.

विनायकरावांजवळ असे काय आहे? पैसा येतो तो रंगेलपणात जातो. मनात द्वंद्व नाही, रात्री झोप उडत नाही, कोणाचे देणे नाही. नातू म्हणाला, "पण शेवटी बाहुल्या स्वतःच्या अंगाला बांधून घेतो ना!" त्याचे म्हणणे खरे आहे. तेवढा एक क्षण आहे, आणि मुलगा त्याने देऊ केलेले सोने नाकारतो हाही आहे. पण दीड तासाहून अधिक वाट पाहावयास लावून दोन क्षण दिले, हा कंजूषपणा झाला.

आमची खरी तक्रार मात्र निराळी आहे. ती म्हातारीविषयी आहे.

तिला इतकी विद्रूप केली आहे की ती माणूस राहत नाही. पोर तिला खजिना विचारते तेव्हा प्रेक्षक भयाने अंग चोरतो, आणि त्या भयात पोराचा अपराध दिसेनासा होतो. असली आजी आमच्या घरी नव्हती, असे म्हणून जो तो मोकळा होतो. ती नुसतीच म्हातारी आणि नुसतीच भुकेली असती तर?

आमच्या घरी तशी होती. वडिलांची आत्या. लहानपणीच वैधव्य येऊन माहेरी परतलेली. चाळीस वर्षे सोवळ्यातला स्वयंपाक तिने केला. पुढे तिला भ्रम झाला. माजघरामागच्या अंधाऱ्या खोलीत तिला ठेवीत आणि कडी बाहेरून लावीत. पोरे रडू लागली की "आत्या येईल हं" म्हणत. आम्हीही म्हटले आहे. तिची एक सोन्याची बोरमाळ तिने कोठेतरी दडविली आहे, अशी घरात बोलवा होती.

१९८३ च्या पावसाळ्यात धाकट्या बहिणीचे लग्न ठरले आणि पैसा नव्हता. आम्ही तेव्हा सव्वीस वर्षांचे, शाळेत नुकतेच कायम झालेले. एका संध्याकाळी मऊ भाताची वाटी घेऊन आम्ही तिच्याजवळ बसलो. तिने तोंड उघडले. आम्ही घास हातात धरून विचारले, "बोरमाळ कुठे ठेवलीस?" तिने तोंड मिटले आणि पुन्हा उघडले. आम्ही पुन्हा विचारले. असे किती वेळा झाले ते आठवत नाही. भात निवला होता, एवढे आठवते. भाद्रपदात ती गेली. मग आम्ही बंधूंनी मिळून त्या खोलीची भिंत उकरली. काही निघाले नाही. तेथे सिमेंटचे ठिगळ आहे, ते अद्याप उठून दिसते.

चित्रपट संपल्यावर मंडळी निजावयास गेली. नातू एकटाच बसून होता. त्यास आम्ही हे सांगितले. यापूर्वी कोणास सांगितले नव्हते.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आजोबा, त्या दिवशी तिला जेवायला दिलंत ना?"

"दिले," आम्ही म्हणालो. "विचारून झाल्यावर."