अठ्ठावन्न अंशांची रात्र

शिरूरला जुनी माणसे अद्याप घोडनदी म्हणूनच ओळखतात. तेथील एका पत्र्याच्या शेडमध्ये, दिवसा सूर्याकडून घेतलेली उष्णता रात्रीसाठी राखून ठेवणाऱ्या मेणाच्या पोलादी कुप्यांची तपासणी मी आरंभिली, तेव्हा 58 अंशांना वितळणारे 40 किलो मेण त्या कुप्यांत भरून, कुप्या एका टाकीच्या ऊन पाण्यात बुडवून, सायंकाळी सहापासून पहाटे सहापर्यंत मधल्या कुपीतील तापमान मी दर तासाला वहीत उतरवीत गेलो. आणि आकडा रात्रभर 58 पासून ढळला नाही, हे पाहून ‘तूट नगण्य’ असा शेरा लिहून मोकळा झालो.

पुढच्याच आठवड्यात दौंड तालुक्यातील एका गुऱ्हाळात उभा होतो. काहिलीतल्या पाकाचा थेंब थंड पाण्यात सोडून गुळव्या त्याची गोळी बोटांनी चाचपीत होता. उष्णतामान किती झाले असेल, असे मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, “अंश घेऊन काय करायचं साहेब, गोळी बघायची.” त्या उत्तराने मी अस्वस्थ झालो. परतल्यावर, तशाच एका रात्रीनंतर, पहाटे कुपी उघडली, तो आतल्या भिंतीलगत पांढरे, घट्ट कवच धरलेले आणि द्रव मेण मध्यभागापुरते उरलेले!

अठराव्या शतकात जोसेफ ब्लॅकने दाखविलेली सुप्त उष्णता ती हीच. गोठताना किलोभर मेण सुमारे 200 किलोज्यूल सोडते, आणि गोठणे संपेपर्यंत तापमान हलत नाही. तेव्हा केवळ तापमानाच्या साक्षीवर उष्णतेचा जमाखर्च मांडणे म्हणजे तिजोरी न उघडता शिल्लक लिहिणे होय.

मग तजवीज बदलली. सारे मेण वितळवून, टाकी 60 अंशांवर स्थिर राहील एवढीच वीज आतल्या तापकाला द्यावयाची, एक संपूर्ण रात्र आकडे स्थिरावू द्यावयाचे, आणि मगच वीज मोजावयाची; कारण त्या अवस्थेत जेवढी वीज आत जाते, तेवढीच उष्णता बाहेर पडत असते. बाहेर 14 अंश असताना 69 वॅट लागले, म्हणजे अंशामागे दीड वॅट; बारा तासांत जवळजवळ 3,000 किलोज्यूल, अर्थात सुमारे 15 किलो मेण गोठण्याइतकी गळती, जिला मी नगण्य म्हटले होते!

काचलोकरीचे अस्तर निर्दोष होते. उष्णता उतरत होती ती टाकीच्या लोखंडी पायांतून, जमिनीत. पायांखाली सागवानी ठोकळे सरकविले, त्या रात्री 61 वॅटवर भागले. आता झाकणाची कड उरली आहे. तेथे अजून हाताला ऊन लागते.