एक दिवस कामाकुराचा

मैत्रिणींनो, आपल्या वयाच्या बायकांचा परदेश प्रवास बहुतेक वेळा बाळंतपणाच्या निमित्ताने घडतो. व्हिसावर काही का लिहिलेलं असेना, बॅगेत डिंकाचे लाडू, बाळंतशेपा आणि जुन्या मऊ साड्यांची दुपटीच असतात. मीही यंदा दिवाळी झाली की अशीच निघाले आहे. लेक-जावई टोकियोत, निशिकासाई नावाच्या भागात राहतात. तिथे भारतीय कुटुंबं पुष्कळ, त्यामुळे हिंग-पोह्यांची चिंता नाही. लेकीचे दिवस डिसेंबरअखेर भरतील. एकदा बाळ घरात आलं की आजीला उंबरा ओलांडायला सवड कुठली? म्हणून लेकीनेच फोनवर बजावलं, "आई, आल्यावर पहिल्या आठवड्यातला बुधवार तुमचा आणि बाबांचा. बुधवारी आमच्याकडे घरूनच काम असतं, माझी काळजी करायची नाही."

आता तुम्हीच सांगा, इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही दोघंच, सोबत ना मुलं, ना सासूबाई, ना वन्सं, असे कधी गेलो असू तर ते डोळे तपासायला सांगलीहून मिरजेला. तेव्हा ह्या एका बुधवारची तयारी मी ऑगस्टपासूनच आरंभली. लहान प्रवासाला तयारी कशाला, असं कुणी म्हणेल. माझं मत उलट आहे. आठ दिवस हाताशी असले की एखादा दिवस वाया गेला तरी चालतो. एकच दिवस असला की काय पाहायचं यापेक्षा काय सोडायचं हे आधी ठरवावं लागतं.

गाव निवडलं कामाकुरा. टोकियोच्या नैर्ऋत्येला सुमारे पन्नास किलोमीटरवर, तीन बाजूंनी डोंगर आणि दक्षिणेला समुद्र. शत्रूला आत शिरणं अवघड म्हणून योरितोमो नावाच्या सरदाराने इथे आपलं ठाणं केलं आणि 1192 साली तो शोगुन झाला. 1333 पर्यंत जपानचा खरा कारभार ह्या समुद्रकाठच्या गावातून चाले. टोकियो स्टेशनवरून योकोसुका मार्गाची गाडी थेट जाते, तासाभरात पोचवते, मध्ये बदलायची कटकट नाही. मात्र ह्या गाडीचे फलाट जमिनीखाली खूप खोल आहेत. तिथवर उतरण्यासाठीच दहा-पंधरा मिनिटं जास्तीची धरा.

गाव ठरलं आणि ह्यांनी वही काढली. बँकेची नोकरी संपली, पण उभ्याआडव्या रेघांची वही काही संपली नाही. सकाळी साडेआठ ते संध्याकाळी सहा, बारा ठिकाणं! एकेका देवळाला पस्तीस मिनिटं, जेवणाला वीस. मी म्हटलं, "अहो, ही सहल आहे की शाखेची तपासणी?" शेवटी आम्ही दोन चिठ्ठ्या केल्या. प्रत्येकाने फक्त तीन जागा लिहायच्या, एकमेकांना न दाखवता. ही युक्ती तुम्हीही करून बघा, अगदी गणपतीपुळ्याला जायचं असलं तरी. आपल्याला विचारलं की आपण सवयीने "तुम्ही म्हणाल ते" म्हणून मोकळ्या होतो. चिठ्ठीवर तसं लिहिता येत नाही.

ह्यांच्या चिठ्ठीत निघालं: दाइबुत्सु म्हणजे मोठा बुद्ध, झेनिआराइ बेन्तेन आणि एनोशिमा बेट. माझ्या चिठ्ठीत: तोकेइजी, दानकाझुरा आणि हासेदेरा. एकही नाव जुळलं नाही! पत्रिका कशी जुळली होती कोण जाणे.

मग वाटाघाटी. झेनिआराइ बेन्तेनला गुहेतल्या झऱ्यावर पैसे धुतात, धुतलेले पैसे दुपटीने परत येतात अशी श्रद्धा. हे म्हणाले, "जन्मभर लोकांचे मोजले, एकदा माझे धुवू दे." पण वाट चढणीची आणि माझे गुडघे ह्यांच्या वहीत नाहीत. ते कापलं. एनोशिमाही कापलं, पण जड मनाने. तिथली बेन्तेन, म्हणजे बेन्झाइतेन, ही मुळात आपली सरस्वतीच. बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानात पोचली. वीणा जाऊन हातात बिवा नावाचं तंतुवाद्य आलं आणि पाण्याकाठची जागा मात्र तिने सोडली नाही. एनोशिमाला तिची आठ हातांची मूर्तीही आहे, आणि चढायला सरकते जिने आहेत, तेव्हा गुडघ्यांची सबब चालली नसती. अडचण उजेडाची. नोव्हेंबरच्या शेवटी तिथे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. आपल्यासारखी सहापर्यंत चैन नाही. आणि हासेदेराच्या आवारातच एक बेन्तेनची गुहा आहे, भिंतीतच कोरलेली बेन्तेन आणि तिचे सोळा बालसेवक. सरस्वतीचं दर्शन तिथे होईल म्हणून बेट सोडलं.

माझ्या चिठ्ठीतलं पहिलं नाव वाचून हे जरा दचकलेच. तोकेइजी हे पूर्वी घटस्फोटाचं देऊळ म्हणून प्रसिद्ध होतं. 1285 साली काकुसान नावाच्या विधवा संन्यासिनीने ते स्थापन केलं. तिचा नवरा तोकिमुने होजो, मंगोलांची स्वारी परतवणारा कारभारी. त्या काळी पुरुषाने साडेतीन ओळींची चिठ्ठी लिहून दिली की बायको सुटली. बायकोला मात्र तशी चिठ्ठी लिहायचा हक्क नव्हता. ती ह्या मठात पळून आली आणि ठरलेली मुदत, आधी तीन वर्षं, पुढे दोन, तिथे काढली की ती मोकळी. नवरा मागे धावत आला आणि दार दोन पावलांवर राहिलं, तर पायातली सपाता आत फेकली तरी ती आत आली असं धरत, अशी आख्यायिका सांगतात. 1870 च्या दशकात नव्या सरकारने देवळाचा हा अधिकार काढला आणि 1873 पासून बायकांना कोर्टाची वाट मिळाली. सहाशे वर्षांत किती जणी त्या पायऱ्या धापा टाकत चढल्या असतील! मला काही पळून जायचं नाही, पण त्या पायऱ्यांवर क्षणभर उभं राहायचं आहे. कामाकुराच्या अलीकडचं स्टेशन किता-कामाकुरा, तिथून हे देऊळ चार-पाच मिनिटांवर. म्हणून सुरुवात तिथून. मग परत गाडीत बसून एक स्टेशन पुढे.

दानकाझुरा ही एक वाट आहे, कामाकुरा स्टेशनजवळच्या मोठ्या रस्त्याच्या मधोमध उंचावलेली, दोन्ही बाजूंना चेरीची झाडं. 1182 साली योरितोमोची बायको मासाको गरोदर होती. बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून त्याने देवळाकडे जाणारी ही वाट बांधून घेतली, असं सांगतात. ती सुखरूप झाली, मुलगा झाला. पण पुढचं आयुष्य ऐका. 1199 मध्ये नवरा गेला, 1204 मध्ये हा थोरला मुलगा मारला गेला आणि 1219 मध्ये धाकट्याला, ह्याच वाटेच्या शेवटी असलेल्या हाचिमान देवळाच्या पायऱ्यांपाशी, थोरल्याच्याच मुलाने ठार केलं. केस उतरवलेली ही बाई मोडून पडली नाही. तिने कारभार हाती घेतला, 1221 च्या लढाईआधी बिथरलेल्या सरदारांना धीर देऊन एकत्र आणलं. लोक तिला संन्यासिनी शोगुन म्हणत. आम्हा दक्षिण महाराष्ट्रातल्या बायकांना ताराराणीची आठवण झाल्याशिवाय कशी राहील? देवळाच्या 61 पायऱ्या मी चढणार नाही, हे चढतील. पायऱ्यांलगतचा जुनाट गिंको वृक्ष 2010 च्या मार्चमध्ये वादळात कोसळला, पण बुंध्याला पुन्हा कोंब फुटले आहेत. मी ते बघत खाली बसेन. लेकीच्या नावाने ती वाट चालले की माझं काम झालं.

कामाकुराहून पुढे एनोदेन नावाची छोटी गाडी धावते. सगळा मिळून दहा किलोमीटरचा एकेरी रूळ, घरांच्या परसांना घासून जाते आणि मग एकदम समुद्र. तिच्यात बसून हासे हे स्टेशन पाचएक मिनिटांत येतं. ह्यांचा मोठा बुद्ध तिथून चालत दहा मिनिटांवर. 1252 साली सुरू केलेली ही ओतीव काशाची मूर्ती साडेअकरा मीटरच्या आतबाहेर उंच आणि 121 टन वजनाची. पूर्वी तिच्यावर देऊळ होतं. वादळांनी आणि भूकंपाने ते गेलं आणि गेली पाचशे वर्षं बुद्ध ऊन-पाऊस अंगावर घेत बसला आहे, आपल्या श्रवणबेळगोळच्या बाहुबलीसारखा. मूर्ती पोकळ आहे, थोडे पैसे भरून आत जाता येतं. हे जाणारच.

वहीत सगळं बसलं. मग ह्यांची पेन्सिल थांबली. "हासेदेराला दोन तास कशाला? स्टेशनपासून पाच मिनिटांवर तर आहे."

हासेदेरात अकरा मुखांची कान्नोन आहे, नऊ मीटरहून उंच, सोन्याचा मुलामा दिलेली लाकडी मूर्ती. ती पाहायला अर्धा तास पुरे. पण मुख्य देवळाकडे चढताना निम्म्या वाटेवर जिझोचं लहान देऊळ लागतं. जिझो म्हणजे बौद्धांचा क्षितिगर्भ. जपानात तो वाटसरूंचा राखणदार, आणि जन्माआधी किंवा जन्मताच गेलेल्या मुलांचा सांभाळ करणारा. अशा मुलाला तिथे 'मिझुको' म्हणतात, पाण्याचं मूल. त्याच्या आठवणीत आईबाप वीतभर उंचीची दगडी मूर्ती ठेवतात. तिथे अशा मूर्ती ओळींनी, एकमेकींना खेटून उभ्या आहेत, हजारांच्या घरात. 1970 च्या दशकापासून ह्या विधीचं प्रस्थ फार वाढलं. काही ठिकाणी बायकांना शापाची भीती घालून पैसे उकळतात अशी टीका खुद्द जपानातही झाली आहे. मला विधी करायचा नाही. मला नुसतं तिथे बसायचं आहे.

कारण लेकीच्या आधी आम्हाला एक मुलगा झाला होता. 1988 साली, सातव्या महिन्यात. रडलाच नाही. बारसं नाही, नाव नाही, फोटो नाही. सासूबाई म्हणाल्या, "पहिलटकरणीचं होतं असं, पुढचं बघा." त्या वाईट नव्हत्या, तेव्हा असंच बोलत. मला कुणी तो दाखवला नाही. आठव्या दिवशी मी पोळ्या लाटायला उभी राहिले. पुढे लेक झाली आणि घर भरलं. पण आता तिचे दिवस भरत आले तसा तो मला फार आठवू लागला आहे. तिच्याजवळ आत्ता हे बोलायचं नाही, एवढं तर आपल्याला कळतं. मग कुणाजवळ बोलायचं?

हे सगळं मी ह्यांना सांगितलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ह्यांनी काही न बोलता रबराने 'दोन तास' खोडलं आणि 'अडीच' लिहिलं. बऱ्याच वेळाने म्हणाले, "कान तुझ्यासारखे होते."

मी उठून कुकर लावला.

आता बाकीच्या बारीकसारीक गोष्टी, कारण तुमच्यापैकी कुणीतरी नक्की जाईल. शनिवार-रविवारी एनोदेनला उभं राहायला जागा नसते. जूनमध्ये हायड्रेंजियाचा बहर बघायला लोटलेली गर्दी तर विचारू नका, शिवाय तो तिथला पावसाळा. नोव्हेंबरअखेर मॅपलची पानं रंगू लागतात आणि हवा आपल्या महाबळेश्वरच्या डिसेंबरसारखी. गाड्यांसाठी सुइका नावाचं कार्ड आहे, ते दोन्ही रेल्वेंना चालतं. देवळांच्या तिकिटांसाठी सुटे पैसे ठेवा. साडीवर बूट घालायला लाजू नका. मी घालणार आहे, तिथे मला ओळखणारं कोण आहे?

शाकाहारी असाल तर डबाच न्या. नूडल्सच्या रश्शात भाज्याच दिसल्या तरी तो बहुधा सुक्या माशाच्या पाण्यावर केलेला असतो. दुकानात ओनिगिरी मिळते, भाताचा त्रिकोणी मुटका. त्यातली उमेबोशीची, म्हणजे आंबट खारवलेल्या फळाची घ्यावी. मी दशम्या आणि तिळाची चटणी नेणार आहे. लोकल गाडीत खायची पद्धत नाही, आणि गर्दीच्या रस्त्यात चालता चालता खाऊ नये असा शिष्टाचार कामाकुराने 2019 पासून नियमातच घातला आहे. समुद्रकाठी डबा मुळीच उघडू नका. तिथल्या घारी मागून झडप घालून हातातला घास नेतात, तशा पाट्याच आहेत. कचरापेट्या औषधालासुद्धा सापडत नाहीत, म्हणून एक रिकामी पिशवी बरोबर. स्वच्छतागृहांची मात्र चिंता नाही, आणि आपल्या प्रवासात ही किती मोठी गोष्ट आहे ते तुम्हाला सांगायला नको.

मोठा बुद्ध साडेतीनपर्यंत आटोपला तर एनोदेनने तीन स्टेशनं पुढे, शिचिरिगाहामाला उतरायचं आहे. हवा स्वच्छ असली तर तिथून समुद्रापलीकडे फुजी दिसतो. अंधार पडला की त्याच गाडीने फुजिसावा, आणि तिथून टोकियो.

हा सगळा बेत लेकीला पाठवला. तिचा निरोप आला, "हासेदेराला अडीच तास? इतका वेळ तिथे काय करणार?"

ह्यांनीच तिला उत्तर लिहिलं, "बसणार."