पाचवा वामन, नववा बुद्ध

मुंबईच्या ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ या मेटल बँडचा ‘दशावतार’ हा अल्बम 2017 मध्ये आला, तेव्हा मी पुण्यात एका स्टुडिओत ध्वनिमुद्रणाचं काम शिकत होतो. सोबतच्या मुलांनी आवडीची दोन-तीन गाणी उचलली आणि ती पुढं गेली. मला तो अल्बम तुकड्यातुकड्यांनी ऐकताच येईना. मत्स्यापासून बसायचं ते कल्कीपर्यंत उठायचं नाही. ही सवय मला माझ्या गावच्या, तेरच्या नानांनी लावली.

नाना आमच्या गल्लीतले, नात्यानं कुणी नव्हेत. बेताची शेती, आणि गोरोबाकाकांच्या देवळात कीर्तनाला पखवाजाची साथ. चैत्र वद्यातल्या यात्रेत तेरणेकाठी दिंड्या उतरल्या की त्यांना जेवायला सवड नसे. मी लहानपणापासून त्यांच्या मागं बसायचो. कीर्तनाआधी ते कणीक मळून धुमेवर थापायचे, अंगठ्यानं कडा सारखी करायचे, एक थाप द्यायचे आणि नखाएवढी कणीक काढून पुन्हा एक थाप. “आता ऐक,” म्हणायचे. सुरुवातीला काही फरक कळत नसे. मग कळायला लागला. आज ड्रमचा खर्ज जुळवताना माझा कान तेवढ्याच बारीक फरकाच्या मागं असतो. त्यांचा दंडक एकच होता: कीर्तनातून मधेच उठायचं नाही. झोप आली तर तिथंच आडवं व्हायचं.

साहिल मखिजा यांनी 2000 साली हा बँड उभा केला. ‘दशावतार’च्या आधीचे त्यांचे 2005 आणि 2010 चे अल्बमही एकाच मालिकेचे भाग आहेत. काटेकोर बोलायचं तर हे संगीत डेथ मेटलच्या घरातलं, सिम्फनीच्या भव्यतेनं सजवलेलं. पण प्रोग्रेसिव्ह मेटलची ओढ त्यात आहे. गाणं एका ठेक्यावर टिकून राहत नाही, घोगऱ्या गर्जनेतून एकाएकी मोकळा सूर वर येतो, आणि दहा अवतारांची दहा गाणी एकाच सूत्रात ओवलेली आहेत. शब्द इंग्रजी असले तरी बांधणी मला ओळखीची वाटली. कीर्तनकार आख्यान लावतो तशीच ती होती.

माझ्या मते या अल्बमची खरी परीक्षा नवव्या गाण्यात आहे. वराह, नरसिंह, परशुराम हे मेटलला सहज पेलतात. तिथं संहारच आहे. पण कृष्ण आणि कल्की यांच्या मधोमध बुद्ध येतो. हाणामारीच्या संगीतात शस्त्र खाली ठेवलेला माणूस कसा उभा करायचा? त्या जागेसाठी मी हा अल्बम पुन्हा पुन्हा ऐकला.

गावी गेलो तेव्हा नानांच्या कानाला हेडफोन लावले. आधी त्यांनी आवाज कमी करायला सांगितला, मग स्वतःच वाढवला. गर्जनेवर त्यांचं काही म्हणणं नव्हतं. दुहेरी बास ड्रमवर मात्र त्यांची बोटं गुडघ्यावर चालू लागली. “दोन्ही पायांनी वाजवतोय का ह्यो?” हो म्हटल्यावर नुसती मान डोलावली. वामन आला तेव्हा म्हणाले, “आपला आला.”

तेरच्या माणसाला वामन परका नाहीच. गावातलं त्रिविक्रमाचं देऊळ विटांचं, गजपृष्ठ छपराचं. आत पाऊल उचललेला त्रिविक्रम, म्हणजे वामनच. ही वास्तू मुळात बौद्ध चैत्यगृह असावी, असं अनेक अभ्यासक मानतात. त्या काळी तेर हे ‘तगर’ होतं, आणि ग्रीक भाषेतल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात त्याचा बाजारपेठ म्हणून उल्लेख आहे. त्या काळाचे अवशेष आजही गावातल्या लामतुरे संग्रहालयात पाहता येतात. अल्बममध्ये पाचवा आणि नववा वेगवेगळ्या गाण्यांत आहेत. आमच्याकडं ते बहुधा एकाच भिंतींच्या आत आलटून पालटून राहिले. हे मी नानांना मोठ्या उत्साहानं सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “पण बुद्धाला अवतार म्हणलेलं पटत नाही, अशी माणसं आपल्याच गावात हायेत. त्येंचं ऐकलंस का?” बाबासाहेबांनी 1956 मध्ये नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत बुद्ध हा विष्णूचा अवतार नाही, असं स्पष्ट म्हटलेलं आहे. मला ते पाठ होतं, पण त्याचं या गाण्याशी काही नातं आहे हे मनात आलं नव्हतं. नानांनी जोडून दिलं. वारकरी माणूस, जन्मभर विठ्ठलापुढं पखवाज वाजवलेला. त्याला त्या नकाराची अडचण वाटली नाही. “ऐकायचं म्हणलं की सगळ्यांचं,” एवढंच म्हणाले. तेव्हापासून नववं गाणं लागलं की मला त्यातली कलाकुसर दिसते, आणि त्या गृहीतकाला ठामपणे नाही म्हणणारे माझे शेजारीही आठवतात. मला वाटतं, हे गाणं पूर्ण ऐकणं म्हणजे हेच.

नाना आता नाहीत. पखवाज नातवाकडं गेला. पुड्या बदलायच्या होत्या, त्याचा खर्च करू का म्हणून विचारलं, तर नानांच्या घरच्या वहिनींनी साफ नकार दिला. “त्येंनी तुझ्याकडून कधी काही घेतलं का?” म्हणाल्या. नातू आता बारावीत आहे. मागच्या यात्रेत त्यानं तो अल्बम मागितला आणि वामनाचं गाणं कितवं म्हणून विचारलं. मी सांगितलं, पाचवं. पण मत्स्यापासून लाव.