पहिल्या बेसच्या पुढे

मी कॉन्व्हेंटवाली. मराठीत लिहायला बसले की ऱ्हस्व-दीर्घ आधीच आउट होतात! तेव्हा वाचकहो, सांभाळून घ्या.

आमचं गाव गगनबावडा. एकीकडे करूळ घाट, दुसरीकडे भुईबावडा घाट, आणि पावसाळ्यात धुकं असं की दारातली तुळस दिसत नाही. अशा गावात मुलांना पळण्याआधी थांबायला शिकवतात. "दमानं पळ, फुडं कडा हाय!" हे आज्जीचं वाक्य माझ्या पायांत मुरलंय.

तेच पाय गेल्या वर्षी नडले. इंटर-क्लास सॉफ्टबॉलची फायनल. सातवी, शेवटची इनिंग, दोन आउट, आम्ही एका रनने मागे आणि थर्ड बेसवर माझी रूममेट. मी बॉल शॉर्टस्टॉपकडे मारला आणि सुटले. फर्स्ट बेसपर्यंत अंतर 60 फूट. बेसवर बरोब्बर थांबायचं म्हणून शेवटच्या दोन पावलांना ब्रेक लावला. तेवढ्यात बॉल फर्स्ट बेसवालीच्या ग्लोव्हमध्ये! मॅच गेली. त्या रात्री रूममेट मेसला एकटीच गेली.

"थांबलीस कशाला?" सरांनी विचारलं.

"पुढे गेले असते तर टॅग करून आउट केलं असतं ना, सर?"

सरांनी कपाळावर हात मारला. मग समजावलं. सेकंड आणि थर्डला बेस ओलांडून पुढे गेलं की टॅगची भीती असते. फर्स्टला मात्र बॅट करून पळणाऱ्याला सूट आहे. बेसला पाय लावून भरधाव पुढे गेलं तरी चालतं. अट एकच : लगेच, सरळ बेसवर परत यायचं. सेकंडकडे जायचा प्रयत्न केला, की सूट संपली. मग टॅग झालं तर आउट. जिथे डबल बेस असतो तिथे तर पळणाऱ्यासाठी फाउल रेषेबाहेर वेगळा नारिंगी भाग ठेवतात, म्हणजे फिल्डरशी टक्कर नको.

म्हणजे ब्रेक लावायची गरजच नव्हती!

दिवाळीत घरी गेले. बॅगेत पुण्याच्या सहा महिन्यांच्या इंटर्नशिपचं पत्र होतं. ते दाखवायचा धीर होईना, म्हणून आज्जीला सॉफ्टबॉलच सांगत बसले. चकलीचा सोऱ्या फिरवता फिरवता तिने सगळं ऐकलं.

"म्हंजे परत यायचं ठरलेलं असलं, तर फुडं पळालेलं चालतंय," ती म्हणाली.

"हो, आज्जी."

"मग बरं हाय की."

मी उठले आणि बॅगेतलं पत्र काढून बाबांच्या हातात दिलं.