देणे आणि विकणे

‘सोन्याची शेती’ हा शब्दप्रयोग मराठीत उच्चारला तर मृगाचा वेळेवर पडलेला पाऊस आणि मनाजोगते आलेले पीक डोळ्यांपुढे उभे राहील. आंतरजालावरील खेळांच्या दुनियेत त्याचा अर्थ अगदी निराळा आणि बराचसा अप्रतिष्ठित आहे. हजारो माणसे एकाच वेळी जिथे वावरतात अशा खेळांत सोन्याची नाणी मिळवावी लागतात. लाकडे तोडून, खाणी खोदून, राक्षस मारून. ही नाणी स्वतःच्या खेळासाठी न वापरता खेळाबाहेर डॉलरला वा युआनला विकण्याकरिता तासन्‌तास साठवीत बसणे, याला ‘गोल्ड फार्मिंग’ म्हणतात. आपल्या वर्तमानपत्रांतून ज्यांना ‘रिअल मनी गेम’ म्हटले जाते आणि ज्यांच्यावर २०२५ साली संसदेने कायदा करून बंदी घातली, त्या रमीसारख्या खेळांशी याची गल्लत होऊ नये. तिथे पैसा लावूनच डाव मांडतात. इथे खेळात पैसा येऊ नये असे सगळेच म्हणतात, आणि तरी तो येतो.

या विषयाशी माझा संबंध आला तो २००६-०७च्या सुमारास. मराठीत एम.ए. झाले होते, एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवीत होते आणि दोन तासिकांमधला रिकामा वेळ रस्त्यापलीकडच्या सायबर कॅफेत घालवीत होते. तिथे ‘रूनस्केप’ हा खेळ हाती लागला. इंग्लंडमधील गावर बंधूंनी २००१ साली सुरू केलेला हा खेळ ब्राउझरमध्येच चाले आणि त्याचा मोठा भाग फुकट होता. मी त्यात लाकूडतोड्याचा व्यवसाय पत्करला. साठाव्या पायरीला पोचल्यावर ‘यू’ नावाचे झाड तोडता येते. त्याचे ओंडके वॅरॉक नावाच्या शहरातील बँकेसमोर उभे राहून, ओरडून विकायचे. साहित्याच्या अध्यापिकेने सांगावे असा हा छंद नव्हे, पण त्यातले आकर्षण मला तेव्हाही कळत होते. तासिकेचे मानधन किती महिन्यांनी हाती पडेल याचा नेम नसे, आणि शेजारच्या वर्गावर तीच कविता शिकविणाऱ्या कायम प्राध्यापकांच्या तासाचे मोल माझ्या तासाच्या कित्येक पट होते. खेळात मात्र हेलसिंकीतल्या मुलाने तासभर कुऱ्हाड चालविली काय आणि मी चालविली काय, कौशल्याची पायरी एक असेल तर ओंडके सारखेच पडत. नव्व्याण्णव ही शेवटची पायरी गाठायला १,३०,३४,४३१ गुण लागतात, आणि निम्मी वाट ब्याण्णवाव्या पायरीला सरते. हा हिशेब सर्वांना एकच. माणसामाणसाचा तास जिथे समान आहे अशी जागा मी दुसरी पाहिली नव्हती.

म्हणूनच कोणी पैसे देऊन नाणी विकत घेतली की चीड येई. दोनशे तासांची लाकूडतोड कोणी वीस डॉलरांत उरकली, तर बाहेरच्या जगाची उतरंड आत शिरलीच. शिवाय नुकसान नुसते तात्त्विक नव्हते. ज्यांनी राक्षस मारून नाणी काढली ते खेळात नवी नाणी ओतीत आणि वस्तू महाग करीत. ज्यांनी यू तोडला ते बाजारात ओंडक्यांचा पूर आणीत, आणि माझ्यासारख्या किरकोळ लाकूडतोड्याचा भाव पडे. कांद्याची आवक वाढल्यावर जे होते तेच.

या तासांना बाहेरचा भाव असतो हे एका अर्थशास्त्रज्ञाने आधीच मोजले होते. एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा यांनी २००१ साली ‘एव्हरक्वेस्ट’ खेळातील नॉराथ या काल्पनिक देशाचा हिशेब मांडला. खेळाडू आपसांत जे दर देत होते त्यांवरून नॉराथचे दरडोई उत्पन्न रशिया आणि बल्गेरिया यांच्या दरम्यान कुठेतरी येत होते, आणि तिथल्या रहिवाशाची तासाची कमाई साडेतीन डॉलरांच्या आसपास. नकाशावर नसलेला देश अनेक खऱ्या देशांहून श्रीमंत निघाला. मला त्यात गंमत वाटली ती वेगळ्या कारणाने. माझा तासही त्या कोष्टकात कुठेतरी बसविता आला असता.

मग जून २००७मध्ये ज्युलियन डिबेल यांचा ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या साप्ताहिक पुरवणीतील लेख वाचनात आला. नान्जिंग शहरातील एका खोलीत तरुण मुले बारा-बारा तासांच्या पाळ्यांत ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये राक्षस मारीत बसतात. शंभर नाण्यांमागे मुलाला दहा युआन, म्हणजे सव्वा डॉलर. तासाला पडतात साधारण तीस सेंट. तीच नाणी मालक तीन डॉलरांना किंवा थोड्या अधिक भावाने पुढच्या व्यापाऱ्याला देतो, आणि अंतिम ग्राहकाला ती वीस डॉलरांपर्यंत पडतात. बांधावरचा भाव आणि मंडईतला भाव यांतली तफावत आपल्याला नवी नाही. नवे होते ते पुढचे: पाळी संपल्यावर यांतली काही मुले जवळच्या कॅफेत जाऊन पुन्हा तोच खेळ खेळत, आता स्वतःसाठी. रोजे कायवा यांनी १९५८च्या आपल्या ग्रंथात म्हटले होते, की व्यावसायिक खेळाडू हा खेळाडू नसून कामगार असतो. त्याला खेळायचे असेल तेव्हा तो दुसरा एखादा खेळ शोधतो. नान्जिंगच्या मुलांनी कायवांना खोटे पाडले, किंवा त्या खेळातच काम आणि क्रीडा इतकी एकजीव झाली होती की ती वेगळी काढता येत नव्हती. माझा कल दुसऱ्या शक्यतेकडे आहे. यू तोडताना मी तरी नेमके काय करीत होते?

या मुलांविषयी खेळाडूंच्या तोंडी जी भाषा असे तिचा वेगळा अभ्यास व्हावा. ‘चायनीज फार्मर’ ही शिवी झाली होती. मोडके इंग्रजी बोलणारा, एकाच जागी ठाण मांडून बसलेला कोणीही संशयित ठरे, आणि टोळ्या करून त्याला मारणे हा करमणुकीचा भाग होई. निक यी या अभ्यासकाने २००६ साली याची तुलना एकोणिसाव्या शतकातल्या कॅलिफोर्नियात सोन्यासाठी गेलेल्या गोऱ्या माणसांनी चिनी मजुरांचा जो द्वेष केला त्याच्याशी केली होती. नियम मोडणारे दोघे होते. त्यांतल्या ग्राहकाने मेहनत टाळली, आणि शेतकऱ्याने ती दुप्पट केली. राग मात्र शेतकऱ्यावर, कारण तो दिसतो. ग्राहक आपल्याच टोळीत, चकाकणारे चिलखत घालून हिंडत असतो.

असो. रूनस्केपमध्ये पुढे जे घडले ते मला या सगळ्या इतिहासातले सर्वांत बोधप्रद प्रकरण वाटते. चोरलेल्या क्रेडिट कार्डांवर सभासदत्वे घेऊन नाणी पिकविणाऱ्यांमुळे जॅगेक्स कंपनीच्या मुळावरच आले होते. नाण्यांची विक्री कशी ओळखायची? खेळातल्या देवघेवीच्या खिडकीत एका बाजूला लाखभर नाणी आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, अशी ती दिसते; बदल्यातले डॉलर खेळाबाहेर चुकते झालेले असतात. पण दानही अगदी तसेच दिसते. एका बाजूला वस्तू, दुसऱ्या बाजूला काही नाही. यंत्राला दोहोंतला फरक कळणे शक्य नव्हते. तेव्हा जानेवारी २००८पासून कंपनीने असमतोल देवघेवीवरच मर्यादा आणली. दोन्ही पारड्यांतली किंमत जवळपास सारखी असली पाहिजे. विक्री थांबविण्यासाठी देणेच थांबवावे लागले.

त्याच सुमारास माझ्या भाच्याने खेळायला सुरुवात केली होती. नवख्याला जुन्याने काहीतरी द्यावे ही त्या जगाची रीतच होती. मला स्वतःला एका अनोळखी माणसाने लोखंडी कुऱ्हाडीची कीव येऊन चांगली पोलादी कुऱ्हाड आणि वर काही हजार नाणी दिली होती, आणि नावही न सांगता तो निघून गेला होता. भाच्याला मी थोडी नाणी द्यायला गेले तर खिडकीने नकार दिला. “मावशी, तुला काहीतरी मागावं लागेल माझ्याकडे,” तो म्हणाला. त्याच्याकडे होते काय? कच्चे कोळंबीचे मासे. मार्सेल मोस यांनी देणगीवर लिहिलेला १९२५चा निबंध मी पुढे वर्गात समजावून सांगितला, तेव्हा परतफेडीशिवाय दान नसते हे त्यांचे म्हणणे मला त्या खिडकीमुळे फार लवकर पटले होते. अर्थात मोस यांची परतफेड काळ जाऊ देते. यंत्राची परतफेड तत्क्षणी, काट्यावर तोलून.

खेळाडूंनी निषेध केला, पुष्कळांनी खेळ सोडला. २०११च्या आरंभी कंपनीने कौल घेतला. बारा लाखांहून अधिक मते पडली आणि फेब्रुवारीत मुक्त देवघेव परत आली. दान परतले, त्याच्या आडोशाने शेतीही परतली.

यानंतर कंपन्यांनी दुसरी वाट धरली. शेती बंद पडत नाही ना, मग बाजार समिती आपणच उघडावी. ‘ईव्ह ऑनलाइन’ने २००८ साली, रूनस्केपने २०१३ साली, ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने २०१५ साली अशी एकेक हुंडी काढली: कंपनीकडून खऱ्या पैशांनी घ्यायची, खेळातल्या नाण्यांना दुसऱ्या खेळाडूला विकायची, आणि त्याने तिच्यावर आपली वर्गणी भागवायची. युक्ती चतुर आहे. सभासदत्व परवडत नाही त्याला वेळ देऊन ते मिळविता येते, हेही खरे. पण माझ्या लाकूडतोडीचा समान तास तिथे अधिकृतपणे संपला. ‘डायब्लो ३’ने तर २०१२ साली खऱ्या पैशांचे लिलावघरच थाटले, आणि मार्च २०१४मध्ये ते मोडले. अवजारे बाजारात सहज मिळू लागल्यावर ती मिळविण्यासाठी राक्षस मारण्यात कोणाला रस राहीना. बाजार पूर्ण प्रामाणिक असूनही खेळ मेला, ही गोष्ट न्याय्य बाजाराची स्वप्ने पाहणाऱ्यांनी ध्यानात घेण्यासारखी आहे.

शेतकरी बदलत राहिले. २०१७च्या सुमारास व्हेनेझुएलाचे चलन कोसळले तेव्हा तिथली माणसे रूनस्केपच्या जुन्या आवृत्तीत हिरवे ड्रॅगन मारून घर चालवू लागली. जिथे हे ड्रॅगन राहतात त्या रानात एका खेळाडूने दुसऱ्याला मारणे नियमबाह्य नाही. त्या वर्षी कोणीतरी व्हेनेझुएलाच्या माणसांना तिथे नेमके कसे गाठावे आणि मारावे याची मार्गदर्शिका लिहिली, तिच्यावर वाद झाला. या ड्रॅगनांपासून मिळतात ती कातडी आणि अस्थी. अस्थी पुरल्या की प्रार्थनेच्या कौशल्याचे गुण वाढतात, आणि पुरणाराला त्या कोणी गोळा केल्या हे विचारावे लागत नाही. बाजारात आल्या की नाव पुसलेले असते. आवक वाढली की स्वस्तही होतात.